दोन दिवस दोन चाकांवर

“ह्या वयात हे काय खूळ?” हा प्रश्न मला आतापर्यंत कुणी कुणी विचारला त्याची यादी केली, तर भिशीच्या वहीपेक्षा मोठी होईल. विचारणाऱ्यांत पुरुष कमी आणि बायकाच जास्त. गंमत म्हणजे यांतल्या बहुतेकजणी स्वतः रोज दुचाकीवर असतात. पुण्या-चिंचवडकडच्या बाईला दुचाकीचं काय कौतुक? १९७२ साली आमच्याकडं लुना आली, १९८४ साली बटण दाबलं की सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, आणि तेव्हापासून इकडच्या बाईनं दोन चाकांवरून काय काय वाहिलं नाही? दळण, मुलांची दप्तरं, आजारी सासरे, पायाशी गॅसची टाकी, दिवाळीचे आकाशकंदील. मीही पंचवीसएक वर्षं हेच केलं. त्याला कुणी खूळ म्हटलं नाही, सोय म्हटलं.

पण तीच बाई पन्नाशीत गिअरच्या मोटारसायकलवर टांग टाकून बसली आणि कुठलंही सामान न घेता, कुणालाही कुठंही न सोडता, नुसती आपल्या मनानं दोन दिवस हिंडून आली, की लगेच सगळ्यांना तिचं वय आठवतं. बंगळूरची ऐश्वर्या पिस्से २०१९ साली मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींत महिलांच्या गटात विजेती ठरली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आपल्याकडची रमिला लटपटे ८ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाली, तेव्हाही वाजवल्या. पण शेजारणीचं मात्र खूळ! असो.

आमच्या घरात मोटारसायकलला नाही म्हणण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. १९९७ चा डिसेंबर. माझे धाकटे दीर चोवीस वर्षांचे, नुकतीच नोकरी लागलेली. पहिल्या पगारांतून साठवून मोटारसायकल घेतली होती. दोन मित्रांबरोबर खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीकडं निघाले होते. एका वळणावर खालून ट्रक आला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तेव्हा कुणाच्याच नसायचं. मागच्या गाडीवर त्यांचा मित्र होता. तो दिवसांना आला तेव्हा पुन:पुन्हा एकच वाक्य बोलत होता, “काकू, तो ट्रककडंच बघत राहिला हो. बाजूला जागा होती. तो ट्रककडंच बघत राहिला.”

हे वाक्य आमच्या घरात राहिलं. कुणी उच्चारलं नाही, पण राहिलं. त्यानंतर स्कूटर आल्या, गेल्या. गिअरची मोटारसायकल आमच्या दारात उभी राहिली नाही. सासूबाई त्यानंतर मुंबईला गेल्या त्या रेल्वेनंच. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, मोटारी दोन-अडीच तासांत पोचू लागल्या. पण घाटाच्या रस्त्यानं त्या गेल्या नाहीत.

माझं माहेर बार्शीचं. वडिलांची राजदूत होती आणि दहावीच्या सुट्टीत त्यांनीच मला ती शेताच्या रस्त्यावर शिकवली होती. ती हाताला लागलेली चव काही जात नाही. मुलगी नोकरीला हैदराबादला गेली, मुलगा कॉलेजात गेला, आणि दोन वर्षांपूर्वी मी माझ्या साठवणीच्या पैशांतून एक ३५० सीसीची मोटारसायकल घेतली. ह्यांना आधी विचारलं होतं. हे एवढंच म्हणाले, “माझं काही नाही. आईला तूच सांग.” (मैत्रिणींनो, अवघड गोष्टी सांगायचं काम आपल्याकडंच का येतं, ह्यावर एक स्वतंत्र लेख होईल.)

सासूबाई चार दिवस गप्प होत्या. पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “रात्री चालवायची नाही. पावसात चालवायची नाही. आणि घाट उतरायचा नाही.” मी हो म्हटलं. दोन वर्षं ते पाळलं. अजून पाळते.

आमच्या चौघींचा गट आहे. एक डॉक्टरीणबाई, एक बँकवाली, एक पस्तिशीची शाळेत गणित शिकवणारी, आणि मी. यंदाच्या फेब्रुवारीत गणितबाईंनी बातमी आणली, की तळेगावच्या पलीकडं मावळात एका छोट्या खाजगी ट्रॅकवर शनिवारी बायकांसाठी शिकवणी आहे. दिवसभर ट्रॅकवर शिकायचं, रात्री लोणावळ्याला मुक्काम, रविवारी डोंगरातल्या रस्त्यांवरून फिरून घरी.

“रेस का?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही आई. शाळा आहे.”

“घाटात जाणार?”

“खंडाळ्यापर्यंत. खाली नाही उतरणार.”

त्या आत गेल्या आणि एक सोललेला नारळ घेऊन आल्या. “तिथं वाघजाई आहे,” एवढंच बोलल्या.

आता तयारीचं थोडं. घरचं काय केलं ते सांगत बसत नाही. दोन दिवस घर बाईवाचून चालतं, हे एकदा घरालाही कळलेलं बरं. पण स्वतःच्या तयारीचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. हेल्मेटखाली अंबाडा किंवा क्लिप चालत नाही, टोचतं आणि हेल्मेट नीट बसत नाही. मानेशी सैल वेणी घालावी आणि जॅकेटच्या आत सोडावी. डोक्याला आधी सुती रुमाल, म्हणजे हेल्मेटला घामाचा वास धरत नाही. ओढणी नको, लोंबणारं काहीच नको. बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण हातमोज्यात त्या रुततात. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, डोक्याला घट्ट, आणि पट्टा लावलेलं. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे झाकण न लावलेला कुकर. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण त्या गार चांगल्या लागतात. पाणी मात्र बेताबेतानं प्यायचं असं आम्ही ठरवलं होतं. का, ते बायकांना सांगायला नको. रस्त्यावर आपली सोय कुठं आणि कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी मात्र तिथल्या तिथं हाणून पाडलं. म्हणाल्या, “पाणी कमी प्यालीस तर दुपारी डोकं गरगरेल आणि गाडीवरून पडशील. प्यायचं आणि शोधायचं.” शोधलं.

शनिवारी सकाळी सातला निघालो. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळं आपला जुनाच रस्ता: देहूरोड, सोमाटणे, तळेगाव. हवेत अजून गारवा होता. बाहेरच्या बाजूला पांगारा पेटलेला. नऊला ट्रॅकवर.

माझ्या डोळ्यांपुढं ट्रॅक म्हणजे टीव्हीवरचा, हजारो माणसांचा. तसले मोठे ट्रॅक आपल्या देशात चेन्नईजवळ आहेत, कोइमतूरला आहे, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला २०११ साली झाला. हे आपलं साधं होतं: माळावर एक वळणावळणांची डांबरी पट्टी, कडेला जुन्या टायरांच्या राशी, एक पत्र्याची शेड आणि एक रुग्णवाहिका. रुग्णवाहिका बघून बँकवालीचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नसती तर मी परत गेले असते.”

पहिला तासभर गाडीवर बसूच दिलं नाही. एकेक गाडी तपासली. टायरची हवा, साखळी, ब्रेक. आरशांवर चिकटपट्टी लावली. मी विचारलं, आरसे का झाकता? शिकवणारा मुलगा माझ्या लेकापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा असेल, म्हणाला, “काकू, इथं मागं काय आहे ते बघायचं नाही. मागच्यानं तुमची काळजी घ्यायची.” मला हे फार आवडलं. घरातही असा एखादा नियम पाहिजे होता. मग निशाणं शिकवली. पिवळं दिसलं की पुढं धोका, कुणाला ओलांडायचं नाही. लाल म्हणजे सगळ्यांनी सावकाश आत यायचं. निळं म्हणजे मागून जास्त वेगाचं कुणी येतंय. चौकटीचं म्हणजे फेरी संपली. वीस मिनिटं गाडी, वीस मिनिटं सावलीत बसून शिकलेलं ऐकायचं, असा दिवसभर पाठ.

पहिला धडा थांबण्याचा. चालवायचा नाही, थांबण्याचा! स्कूटरवाल्या बाईचा हात मागच्या ब्रेककडं जातो, कारण पुढचा दाबला की तोंडावर पडतो असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. तो म्हणाला, एसटीत उभ्या असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळी माणसं कुठं जातात? पुढं. गाडीचंही वजन तसंच पुढं जातं. मग पुढचं चाक जमिनीला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. म्हणून खरं थांबवतो तो पुढचाच ब्रेक. पण खस्सकन दाबायचा नाही, लिंबू पिळावं तसा आधी हलका आणि मग घट्ट. आणि गाडी सरळ असताना दाबायचा, कललेली असताना नाही. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना चाक न अडकू देणारा ब्रेक कायद्यानं सक्तीचा आहे. त्यानं पुष्कळ वाचतं. पण हात शिकलेला नसेल तर यंत्र तरी किती करणार?

शंकू लावून आम्हांला थांबवलं. ताशी ३० च्या वेगानं आले आणि शंकूपाशी ब्रेक दाबला, तर माझ्या पावलांनी नऊ पावलांवर गाडी उभी राहिली. मग ६० नं. मला वाटलं अठरा पावलं होतील. झाली छत्तीस! गणितबाई टाळ्या पिटत ओरडल्या, “वर्ग! वेगाचा वर्ग! वेग दुप्पट तर अंतर चौपट! पोरांना फळ्यावर कितीदा सांगितलं, आज पहिल्यांदा पायांनी मोजलं.” माझ्या मनात आलं, हे छत्तीस आकडे नाक्यावरच्या प्रत्येक पोराला एकदा पायांनी मोजायला लावावेत.

दुसरा धडा वळणाचा. वळायच्या आधीच वेग कमी करून घ्यायचा. बाहेरच्या बाजूनं शिरायचं, मध्यावर वळणाच्या पोटाशी यायचं आणि मग पुन्हा बाहेर पडायचं. आणि हँडलची एक गंमत: उजवीकडं जायचं तर उजवी मूठ हळूच पुढं ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, पण गाडी उजवीकडं कलते आणि वळते. सायकलवर आपण हेच करत असतो, फक्त माहीत नसतं.

पण खरा धडा नजरेचा. दुपारच्या जेवणाआधी त्या मुलानं आम्हांला बसवलं आणि सांगितलं, “तुम्ही जिथं बघाल तिथं गाडी जाईल. खड्ड्याकडं बघाल तर खड्ड्यात जाल. घाबरलेला माणूस ज्याला घाबरतो त्याच्याकडंच बघत राहतो, आणि थेट त्याच्यावर जाऊन आदळतो. बाजूला जागा असते, पण तिकडं नजर जात नाही. हा मूर्खपणा नाही, हा डोळ्यांचा स्वभाव आहे. सराव करूनच तो मोडतो.”

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षांमागचं ते वाक्य माझ्या कानांत त्याच आवाजात ऐकू आलं. इतक्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ वेगवेगळा लावला होता. हे म्हणत, त्याचं लक्ष नसेल. सासरे शेवटपर्यंत म्हणत, पोरगा वेगात असणार. सासूबाई काहीच म्हणत नसत.

दुपारभर मी तेच केलं. शिकवणारा एका वळणावर मुद्दाम एक पिवळं पिंप ठेवायचा. पिंपाकडं न बघता वळणाच्या बाहेरच्या तोंडाकडं हनुवटी वळवून बघायचं. ऐकायला सोपं आहे, करून बघा! डोळे चुंबकासारखे पिंपाकडं ओढले जातात. पण आठव्या-दहाव्या फेरीला मान आपोआप वळायला लागली. पिंप कुठं गेलं कळलंही नाही. डोळ्यांना पाणी आलं होतं. हेल्मेट होतं म्हणून कुणाला दिसलं नाही. ते एक सोयीचं असतं.

संध्याकाळी लोणावळ्याला पोचलो तेव्हा मनगटं, मांड्या, खांदे सगळं बोलत होतं. एका खोलीत चार बायका, चार हेल्मेटं, मलमाची एक बाटली. फोन केला. “पोचलो आई.” “जेवलीस?” “हो.” “बरं.” फोन ठेवला. डॉक्टरीणबाई घोरतात, हे त्या रात्री कळलं.

रविवारी उजाडता उजाडता खंडाळ्याला गेलो. राजमाची पॉइंटला गाड्या लावल्या. गर्दी अजून उठायची होती. समोर दरी, धुक्याच्या वर राजमाचीची दोन टोकं, आणि खाली कुठंतरी आगगाडीची शीळ. वाघजाईला नारळ फोडला. अर्धं खोबरं प्रसाद म्हणून तिथंच वाटलं, अर्धं रुमालात बांधून घेतलं.

कठड्याशी उभं राहून खालच्या रेल्वेकडं बघताना मी मैत्रिणींना एक गोष्ट सांगितली. कधीतरी वाचली होती आणि मनात घर करून राहिली होती. ह्या बोरघाटाच्या रेल्वेचं काम १८५६ साली सुरू झालं. २५ बोगदे, उभा चढ, मजुरांचे अतोनात हाल. मध्येच ते काम सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडं आलं. तो १८५९ साली इथं आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. बरोबर त्याची बायको होती, ॲलिस. नवरा गेला, देश परका. पहिलं जहाज पकडून गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण तिनं ते कंत्राट सोडलं नाही. दोन अनुभवी इंजिनीयर कामाला लावले आणि काम पुरं करून घेतलं. १८६३ च्या एप्रिलात घाटातून गाडी सुरू झाली. माझ्या सासूबाई ज्या रेल्वेनं घाट ओलांडतात, ती अशी एका विधवेनं तडीस नेलेली. बँकवाली बराच वेळ खाली बघत होती. म्हणाली, “आपल्याला शाळेत शिंग्रोबा सांगितला. ही बाई कुणी सांगितलीच नाही.” वाट दाखवणारा धनगर आणि काम पुरं करणारी विधवा, दोघंही ह्या घाटाचेच. निदान शिंग्रोबाला देऊळ तरी आहे.

घाट उतरणारा रस्ता माझ्या डाव्या हाताला होता. मी तिकडं पाहिलं आणि गाडी वळवून लोणावळ्याकडं निघाले.

खरी फिरस्ती इथून पुढं. लोणावळ्यातून भुशी धरणाच्या बाजूनं, नौदलाच्या आयएनएस शिवाजीवरून वर चढलं की रस्ता कड्याच्या अंगानं नागमोडी जातो. पावसाळ्यात इथं मुंगीला जागा नसते. ३० जून २०२४ ला ह्याच भुशीच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हापासून पावसाळ्यात बंधनं घालतात. फेब्रुवारीत मात्र शांत असतं. पुढं घुसळखांब, आणि तिथून कोरीगडाच्या पायथ्याच्या पेठ शहापूरपर्यंत. चढ, उतार, वळण, पुन्हा वळण. डाव्या-उजव्या अंगाला कलताना झोपाळ्यावर बसल्यासारखं पोटात गोड होतं. पन्नास वर्षांच्या बाईला असं गोड होऊ नये असा काही नियम नाही ना?

पण रस्ता म्हणजे ट्रॅक नव्हे, हे आम्हांला शनिवारी बजावून सांगितलं होतं. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही. इथं वळणापलीकडं म्हैस असेल, वाळूचा ढीग असेल, आपल्या बाजूत घुसलेला टेम्पो असेल. त्यासाठी एक युक्ती शिकवली. पुढं रस्त्याच्या दोन कडा जिथं एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात त्या जागेवर नजर ठेवायची. ती जागा आपल्यापासून लांब पळत असेल, तर वळण उलगडतंय. ती आपल्याकडं येत असेल, तर वळण आवळतंय, वेग कमी करा. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, एवढाच वेग. गणितबाई पुढं होत्या, त्यांच्या मागं आम्ही. ट्रॅकवर साठ-सत्तरनं गेलेल्या बायका इथं पस्तीस-चाळीसनं चाललो होतो. आमच्या मागून पोरांचं एक टोळकं आलं, सायलेन्सर फोडलेले, पायात चपला, एकाचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं. “चला काकू!” म्हणून ओरडत आंधळ्या वळणावर आम्हांला ओलांडून गेलं. मला राग नाही आला. भीती वाटली. प्रत्येकाची आई डोळ्यांपुढं आली.

परत घुसळखांबला येऊन तुंगाच्या बाजूला वळलो. हा रस्ता पवनेच्या जलाशयाच्या कडेकडेनं जातो. एका बाजूला सुळक्यासारखा तुंग, समोर तिकोना, पाण्यापलीकडं लोहगड-विसापूर. हेच पाणी आमच्या पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. रोज ज्यानं भांडी घासते ते पाणी असं निळं असतं, हे बघून मजा वाटली. भाताची खाचरं कोरडी पडली होती. ह्याच मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी तांदूळ आला. आंबेमोहोराच्या वंशाचा, म्हणून तो वास. आपण किराणा दुकानात विचारतो ना, मावळातला आहे का, तो हाच.

मोरव्याच्या जवळ एका घराच्या पडवीत चहा मिळेल असं दिसलं. घरातली बाई माझ्याच वयाची. चुलीवरचा चहा दिला, गाड्यांभोवती एक फेरी मारली. “तुमच्याच का?” “आमच्याच.” “मालक कुठं हायती?” “घरी.” ती तोंडाला पदर लावून हसली. मग तिनं विचारलं, “तुमी त्या फटाक्यावाल्यांतल्या न्हाई न्हवं?” मला कळेना. ती म्हणाली, “रविवारी ह्या रस्त्याला आमी पोरं सोडत न्हाई. म्हातारी देवळात जायची, तीबी न्हाई जात आता. शहरातली पोरं येत्यात, रेस लावत्यात. मागल्या साली कोंबड्या मेल्या, शेजारचं वासरू मेलं. उंद्या माणूस मरंल.”

आम्ही चौघी गप्प. ज्या रस्त्याला आम्ही “वळणांचा, मजेचा” म्हणत होतो, तो तिच्या घराचा उंबरठा होता. डॉक्टरीणबाईंनी तिच्या गुडघ्याचं काहीतरी विचारलं, औषधाचं नाव लिहून दिलं. चहाचे पैसे ती घेत नव्हती. दशम्या उरल्या होत्या त्या दिल्या. निघताना गाड्या सुरू करायच्या आधी वीस-पंचवीस पावलं ढकलत नेल्या, अंगणात तिची नात निजली होती म्हणून. १८० किलोचं धूड ढकलून बघा, पण ढकललं.

तिथून पवनानगर, कामशेत, आणि पुन्हा जुना रस्ता. दिवेलागणीच्या आत घरी.

सासूबाई दारातच होत्या. रुमालातलं खोबरं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं आणि देवापुढं ठेवलं. हे आणि लेक टीव्हीपुढं होते. रात्री जेवणं आटोपल्यावर मी ओटा पुसत होते, तेव्हा त्या स्वयंपाकघरात आल्या आणि स्टुलावर बसल्या.

“काय शिकवलं?”

मी सांगितलं. थांबायचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं, छत्तीस पावलांचं सांगितलं. मग थोडं थांबून पिंपाचंही सांगितलं. घाबरलेला माणूस ज्याला घाबरतो तिकडंच बघत राहतो, बाजूला जागा असली तरी.

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तो मुलगा म्हणाला होता. ट्रककडंच बघत राहिला म्हणून.”

“हो आई.”

“मला इतकी वर्षं वाटायचं, जागा होती तर वळला का नाही? मनात काही होतं का त्याच्या? आदल्या दिवशी ह्यांच्याशी वाद झाला होता त्याचा. कुणाला विचारणार?”

अठ्ठावीस वर्षं हे त्यांच्या पोटात होतं, आणि मी त्याच ओट्याशी त्यांच्या शेजारी पोळ्या लाटत होते.

“तसं काही नव्हतं आई. डोळ्यांचा स्वभाव असतो तो. सगळ्यांचाच. माझेही डोळे काल तसेच जात होते.”

त्यांनी पदरानं चेहरा पुसला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नळ टपटपत होता तो मी घट्ट केला.

“तेव्हा होतं का असं शिकवायला कुठं?”

“मद्रासकडं होता ट्रॅक. आपल्याकडं असं काही ऐकलं नव्हतं.”

त्या उठल्या. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज चालू होता. माझा लेक एकोणीस वर्षांचा आहे, दोन वर्षांपासून मोटारसायकल मागतोय आणि आम्ही तिघंही नाही म्हणतोय. मित्रांच्या गाड्या तो चालवतो हे मला माहीत आहे. आणि त्या क्षणी कळलं, की त्यांनाही माहीत आहे.

दाराशी थांबून सासूबाई म्हणाल्या, “पुन्हा कधी आहे ती शाळा?”

“एप्रिलात. मग पावसाळाभर नसते.”

“त्याला घेऊन जा.”

हे सोमवारी ऑफिसला जाताना दोनदा परत आले, काहीतरी विसरल्यासारखे. शेवटी म्हणाले, “हातमोजे कुठं मिळतात? त्याचा हात माझ्याएवढा आहे, माप माझ्याच हातानं घेऊ.” एप्रिलचे पैसे भरले आहेत. हेल्मेट त्यानं आजीला बरोबर नेऊन घेतलं. लाल हवं होतं त्याला. आजीनं पांढरं घ्यायला लावलं, लांबून दिसतं म्हणून.